कवळी आणि मधूच्छिष्टविधान : मानसोल्लासांतील एका परिमाणाचा विचार

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्यास भूलोकमल्ल असें बिरुद होतें, त्यानें शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास रचिलेला 'अभिलषितार्थचिंतामणि' ऊर्फ 'मानसोल्लास' हा ग्रंथ महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचें एक मोठें भांडार आहे, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. पाच विंशति व शंभर अध्याय अशी त्याची रचना असून त्याच्या पहिल्या विंशतींत, देवताभक्तीच्या प्रसंगानें, मेणाच्या आकृतीवरून धातूची मूर्ति ओतण्याचा विधि सुमारें वीस श्लोकांत दिला आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेला या ग्रंथाचा पहिला भाग १९२५ सालीं प्रसिद्ध झाला आणि १९३६ सालीं सरस्वती या वंगीय पंडितांनीं प्रस्तुत श्लोकांवर स्वतंत्र लेख लिहून त्यांकडे विद्वानांचें लक्ष वेधिलें. या प्रकरणांत मेणाच्या वजनाशीं धातूच्या वजनाचें प्रमाण सांगितलें आहे. तें पितळ व तांबें यांच्या बाबतींत अभ्यासकांच्या लेखांतून कोठें आठपट, तर कोठें दहापट असें दिलेलें आढळतें. रुपें बारापट आणि सोनें सोळापट, याविषयीं असा भेद दिसत नाहीं. आठ कीं दहा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु राजानें हा विधि कारागिराच्या तोंडून ऐकून लिहिला, कीं केवळ संख्यांचा मेळ घालून लिहिला, याचा निर्णय याच एका शब्दावर बराचसा अवलंबून आहे. तो निर्णय करण्यास दांतांच्या कवळ्या करणाऱ्या कारागिरांची आजची रीति कशी साह्यभूत होते, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम शब्दांकडे वळूं. 'मधूच्छिष्ट' म्हणजे मधाचें उष्टें. पोळ्यांतून मध काढून घेतल्यावर जें उरतें तें. 'सिक्थ' आणि 'मदन' हीं त्याचींच दुसरीं नांवें. यांपैकीं 'मदन' शब्दाचें प्राकृतांत 'मयण' झालें आणि त्यापासून आपला 'मेण' हा शब्द आला. 'मधूच्छिष्टविधान' हें नांव शिल्पग्रंथांत रूढ असून 'मानसार' ग्रंथांत त्यावर स्वतंत्र अध्यायच आहे. मराठी वाङ्मयासही ही क्रिया अपरिचित नव्हती. शके १२१२ मध्यें सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायांत, कुंडलिनीच्या वर्णनांत, मुशींतील मेण निघून जाऊन तिच्या जागीं ओतलेला रस कोंदून राहतो, असा दृष्टांत श्रोत्यांपुढें ठेविला आहे. दृष्टांत हा नेहमीं श्रोत्यांस ठाऊक असलेल्या वस्तूचा द्यावा लागतो; त्या अर्थी ओताऱ्याचा हा उद्योग तेराव्या शतकांत गांवोगांवच्या लोकांच्या डोळ्यांखालून जात असला पाहिजे.

आतां सोमेश्वरानें सांगितलेला विधि संक्षेपानें देतों. नवताल प्रमाणाची मूर्ति प्रथम मेणाची करावी. तिच्या पाठीवर, खांद्यावर आणि मानेवर किंवा मस्तकावर मेणाच्याच लांब नळ्या जोडाव्या. मऊ, चाळलेल्या मातींत जळक्या तुसांची पूड, बारीक केलेला कापूस व थोडें मीठ घालून तें सर्व पाट्यावर वाटावें आणि त्याचे मूर्तीवर तीन लेप द्यावे. पहिला लेप अगदीं पातळ असावा व तो सावलींत वाळवावा. दोन दिवसांनीं दुसरा द्यावा. तो वाळल्यावर तिसरा जाड द्यावा. नळ्यांचीं तोंडें मात्र मोकळीं ठेवावीं. लेप देण्यापूर्वीं मेण तोलून ठेवावें आणि त्या मानानें धातु घ्यावा. मग साचा तापवून मेण वितळवून काढावें. नारळाच्या आकाराच्या मुशींत धातूचा रस करावा. मुशीस लोखंडी सळईनें छिद्र पाडून, नळीच्या तोंडाशीं पेटती वात ठेवून, रस अखंड धारेनें नळी भरेपर्यंत ओतावा. साचा निवाला म्हणजे माती हलक्या हातानें फोडावी, नळ्या छाटाव्या, कोठें उणें असेल तर तें भरावें आणि मूर्ति उजळावी.

या वर्णनांत पुस्तकी पांडित्याचा वास नाहीं. पहिला लेप पातळ कां, तर मेणावरील बारीक रेघ न् रेघ मातींत उतरावी व मध्यें हवेचे बुडबुडे राहूं नयेत म्हणून. सावलींत कां, तर उन्हानें मेण हलेल आणि माती तडकेल म्हणून. अखंड धार कां, तर खंड पडल्यास मूर्तींत सांधा राहील म्हणून. ज्यानें हें एकदां तरी डोळ्यांनीं पाहिलें नाहीं, त्यास असें लिहितां येणार नाहीं.

आम्ही ज्या कन्हान नदीच्या कांठीं, मौदा येथें, हें लिहीत आहों, तो प्रदेश तर या विद्येच्या जुन्या वहिवाटीचाच म्हटला पाहिजे. मौद्याच्या उत्तरेस लागूनच रामटेक तालुका आहे. त्यांतील नगरधन म्हणजे वाकाटकांचें नंदिवर्धन होय, असें विद्वानांनीं मानिलें आहे. त्या नगरधनाच्या परिसरांत हमलापुरी या गांवीं १९८२ सालीं बुद्धाच्या तीन धातुमूर्ति सांपडल्या आणि त्यांची गणना वाकाटककालीन मूर्तींत करण्यांत आली. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयांत, ज्यास लोक अजूनही 'अजब बंगला' म्हणतात, त्या गेल्या. बऱ्हाणपुराजवळील फोफनार येथें १९६४ सालीं सांपडलेल्या सात बुद्धमूर्तींशीं त्यांचें नातें लावण्यांत येतें. दायमाबाद येथें १९७४ सालीं मिळालेले हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ, ज्यांचें एकत्र वजन साठ किलोग्रॅमांहून अधिक आहे, ते लक्षांत घेतले तर महाराष्ट्रांतील ओतकामाची परंपरा सोमेश्वरापूर्वीं कित्येक शतकें मागें जाते. म्हणजे चालुक्य राजानें हा विधि नव्यानें निर्माण केला नाहीं. जो चालत आला होता, त्यास त्यानें श्लोकबद्ध केलें. पूर्व विदर्भाला लागून असलेल्या बस्तरांतील घडवे मेणाचे दोरे वळून मातीच्या गाभ्यावर गुंडाळतात व त्यावरून पितळेचे देव आणि हत्ती-घोडे ओततात. तीही याच वृक्षाची फांदी होय.

आतां कवळीकडे येऊं. कृत्रिम दांतांची हौस किंवा गरज आधुनिक नाहीं. विजापूरच्या दरबारीं राहून सतराव्या शतकाच्या आरंभीं इतिहास लिहिणाऱ्या फरिश्त्यानें नमूद केलें आहे कीं, ११९४ च्या लढाईंत पडलेल्या कनोजच्या जयचंद राजाचें प्रेत सोन्यानें बसविलेल्या कृत्रिम दांतांवरून ओळखण्यांत आलें. ग्रंथकार घटनेनंतर चारशें वर्षांचा असल्यामुळें ही दंतकथा (येथें हा शब्द दोन्ही अर्थांनीं लागू पडतो!) जपूनच घेतली पाहिजे, तथापि सोन्यानें दांत बांधण्याची कल्पना फरिश्त्याच्या वाचकांस चमत्कारिक वाटत नव्हती, एवढें तींतून खास निघतें. रोमन लोकांच्या अतिप्राचीन 'बारा पाट्यां'च्या कायद्यांत, प्रेताबरोबर सोनें पुरूं नये, परंतु दांत सोन्यानें बांधलेले असल्यास दोष नाहीं, असा अपवाद केलेला आहे, हेंही येथें स्मरण करण्याजोगें आहे.

परंतु संपूर्ण कवळी जबड्यास तंतोतंत बसविण्यास मेणाची मदत लागली. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचा दंतवैद्य फिलिप फाफ यानें १७५६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मऊ मेणानें जबड्याचा ठसा घेऊन त्यांत प्लास्टर ओतण्याची रीति वर्णिली आहे. तेव्हां कवळ्या हस्तिदंतासारख्या पदार्थांतून कोरून काढीत. एकोणिसाव्या शतकाच्या सहाव्या दशकांत कठीण केलेलें रबर उपयोगांत आलें आणि १९३७ च्या सुमारास त्याची जागा आक्रिलिक या कृत्रिम राळेनें घेण्यास प्रारंभ केला. या दोन्ही पदार्थांनीं कोरण्याची रीति मागें पडून साच्यांत भरण्याची रीति आली. आणि साचा म्हटला कीं त्यापूर्वीं मेणाची आकृति आलीच. येणेप्रमाणें सोमेश्वराचा विधि, कोणाच्या ध्यानींमनीं नसतां, वृद्ध मनुष्याच्या मुखांत येऊन बसला.

आमच्या वयास साजेशा कारणानें नागपुरांतील एका दंतकारागिराच्या खोलींत कांहीं तास बसण्याचा योग आम्हांस आला. तेथें जें पाहिलें तें क्रमानें देतों. जबड्याच्या प्लास्टरच्या प्रतिकृतीवर तळाची पातळ पट्टी बसवून तीवर मेणाचा कठडा उभा करतात. वरचा व खालचा कठडा रोग्याच्या तोंडांत मिटवून दोन जबड्यांतील अंतर ठरवितात आणि तें एका बिजागरीच्या यंत्रावर उतरवून घेतात. मग कठड्यांत एकेक दांत बसवितात. येथून पुढें खरें घडणीचें काम. त्याचें मेण शुद्ध मधमाशीचें नसतें. सुमारें तीन चतुर्थांश खनिज मेण, त्यांत मधमाशीचें मेण आणि थोडें ब्राझील देशांतील ताडाच्या पानांवरचें कठीण मेण असें तें मिश्रण असतें. केवळ मधमाशीचें मेण चिवट पण मऊ, केवळ खनिज मेण कोरतांना ठिसूळ. मिश्रणानें दोहोंचे गुण साधतात आणि मुखाच्या उष्णतेंत तें ढळत नाहीं.

स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवून कारागीर दांतांच्या मुळाशीं मेण सोडतो व तें निवूं लागतांच कोरतो. दांताच्या मानेभोंवतीं सुरीचें पातें तिरकें, सुमारें अर्ध्या काटकोनांत धरून हिरडीची कड काढतो. दोन दांतांमधील मेण खोल न कोरतां फुगीर ठेवितो, कारण खोल जागीं अन्न अडकतें. खऱ्या जबड्यांत दांतांचीं मुळें हाडाखालीं ज्याप्रमाणें उंचवटे दाखवितात, त्याप्रमाणें तो मेणांतही लांबट उंचवटे काढतो. सुळ्याचा सर्वांत ठळक व लांब, त्याच्या अलीकडच्या दांताचा आंखूड. टाळूकडील मेण दोन-अडीच मिलीमीटरांहून जाड होऊं देत नाहीं. जाड झालें तर जीभ अडखळते व उच्चार बिघडतो. आम्ही जन्मभर विद्यार्थ्यांस तालव्य आणि दंत्य वर्णांचीं स्थानें शिकविलीं. त्या स्थानांची जाडी कोणी मेणांत मोजत असेल, हें ध्यानांत आलें नव्हतें. शेवटीं कारागीर दिव्याची ज्योत मेणावरून झर्रकन् फिरवितो, तेवढ्यानें सुरीचे ओरखडे विरतात, आणि ओल्या कापसानें घासून तो मेणास झिलई आणतो. त्याचें म्हणणें असें कीं, मेणांत घालविलेला एक तास पुढें घासण्याचे तीन तास वांचवितो.

मेणाचा एक दोष तो वारंवार बोलून दाखवीत होता. एका बाजूनेंच तापवून वांकविलेलें मेण निवाल्यावर हळूहळू पूर्वस्थितीकडे परतूं पाहतें. दांत केसभर हलतात आणि कवळी तोंडांत गेल्यावर एकाच बाजूस टेकते. म्हणून मेण सर्व बाजूंनीं सारखें तापवावें, आणि आकृति पूर्ण होतांच ती रेंगाळत न ठेवतां साच्यांत घालावी. मग दोन दळांच्या पितळी पेटींत ती प्लास्टरमध्यें गाडतात, पेटी गरम पाण्यांत ठेवून उघडतात, आणि उकळत्या पाण्यानें मेण धुऊन काढतात. मेण जातें, दांत मात्र प्लास्टरांत रुतून जागच्या जागीं राहतात. त्या पोकळींत आक्रिलिकचा गोळा दाबून भरतात, मोजक्या उष्णतेच्या पाण्यांत शिजवितात, सावकाश निववितात, प्लास्टर फोडतात आणि कवळी उजळतात. 'मधूच्छिष्टविधान' हें नांव त्या खोलींत कोणास ठाऊक नव्हतें. क्रम मात्र श्लोकांमागून श्लोक उलगडावे तसा चालला होता.

आतां मुख्य प्रश्न. ज्या कवळींत धातूचा सांगाडा असतो, ती करण्याची पद्धत सोमेश्वराच्या विधीशीं याहूनही जवळची आहे. १९०७ सालीं टॅगार्ट नांवाच्या अमेरिकन दंतवैद्यानें मेणाच्या आकृतीवरून दांतांत बसवावयाचें सोनें ओतण्याची युक्ति जाहीर केली आणि त्या बाबतींत एकाधिकारही मिळविला. परंतु फिलब्रुक नांवाच्या दुसऱ्या दंतवैद्यानें तीच रीति १८९७ सालींच वर्णिली होती असें दिसून आल्यावर तो अधिकार न्यायालयांत टिकला नाहीं. मानसोल्लास तेथें कोणी दाखल केला असता तर तारीख आणखी साडेसातशें वर्षें मागें गेली असती! या रीतींतही मेणाच्या आकृतीस नळी जोडतात, पहिला लेप कुंचल्यानें पातळ देतात, मेण जाळून काढतात आणि नळीवाटे रस सोडतात. धातु किती घ्यावा, तें ठरविण्याचा कारागिरांचा नियम असा : नळीसुद्धां मेण तोलावें, त्यास धातूच्या विशिष्ट गुरुत्वानें गुणावें, आणि नळीच्या तोंडाशीं गोळा राहील इतका धातु वर घ्यावा. निवतांना धातु आंखडतो. ती तूट त्या गोळ्यांतील रसानें भरून निघते.

हाच नियम सोमेश्वराच्या आंकड्यांस लावून पाहूं. मधमाशीच्या मेणाचें विशिष्ट गुरुत्व सुमारें ०.९६, पितळेचें ८.५, तांब्याचें ८.९, रुप्याचें १०.५ आणि सोन्याचें १९.३. तेव्हां दहा तोळे मेणाची जागा नुसती भरण्यास पितळ सुमारें ८९ तोळे, तांबें ९३ तोळे, रुपें १०९ तोळे आणि सोनें २०१ तोळे लागेल. आठपट हा पाठ धरला तर पितळ ९ तोळे व तांबें १३ तोळे कमी पडतें. मूर्तीचा कांहीं भाग रिताच राहील. मेणांत राळ मिसळून तें जड केलें असें मानिलें तरी आठाचा आंकडा पुरत नाहीं. मूर्ति पोकळ असेल असें म्हणूनही सुटका नाहीं, कारण पोकळ मूर्तींतील गाभा मातीचा असतो, तो मेणाच्या वजनांत येतच नाहीं. नळ्या सोडून मेण तोललें असें धरल्यास तर तूट अधिकच वाढते. उलट दहापट हा पाठ धरला तर पितळ ११ तोळे व तांबें ७ तोळे वर राहतें. रुप्याच्या बारापट परिमाणानेंही ११ तोळेच वर राहतें. म्हणजे पितळ आणि रुपें या दोहोंस नळीच्या तोंडाशीं ठेवावयाची शिल्लक एकसारखी येते. हा मेळ यदृच्छेनें जमला असें मानणें कठीण आहे; तो वजनकांट्यापाशीं बसलेल्या मनुष्याचा आंकडा आहे.

मग आठ कोठून आले? आठ, बारा, सोळा ही चारचाराच्या अंतरानें चढणारी पायरी पाहतांच तिचा मोह समजतो. दहा, बारा, सोळा ही विषम मालिका पाहून एखाद्या लेखकास ती चुकली असें वाटावें आणि त्यानें ती सारखी करावी, हें संभवनीय आहे. सुबक मालिका मोडून ती विषम करण्यास मात्र कोणास कारण नाहीं. सोप्या पाठापेक्षां अवघड पाठ मूळचा असण्याचा संभव अधिक, हा पाठशोधनाचा सामान्य नियम येथें कारागिराच्या तराजूशीं जुळतो.

सोन्याची अडचण मात्र राहते. सोळापट म्हणजे १६० तोळे. शुद्ध सोन्यास तें ४१ तोळे कमी पडतें. सोळापटीनें साचा पुरता भरावा असें असेल तर त्या धातूचें विशिष्ट गुरुत्व १५.४ हून अधिक नसावें, आणि तेवढें गुरुत्व सुमारें तीन चतुर्थांश सोनें व बाकी रुपें-तांबें अशा मिश्रणास येतें. यावरून ओतकामाचें सोनें शुद्ध नसून मिश्र असे, असें अनुमान काढितां येईल. दुसरा पक्ष असा कीं, सोन्याच्या मूर्ति क्वचित् ओतल्या जात, म्हणून त्या आंकड्यास अनुभवाची पारख लागली नाहीं. आमचा कल पहिल्या पक्षाकडे आहे. कारण ज्या हातानें पितळ आणि रुपें इतकें चोख तोललें, त्यानें सर्वांत महाग धातूपाशींच डोळे मिटले असतील असें वाटत नाहीं.

ज्या संग्राहकांपाशीं अभिलषितार्थचिंतामणीची पोथी, किंवा तिचीं सुटीं पानें असतील, त्यांनीं पहिल्या विंशतींतील हा श्लोक काढून पाहावा आणि संख्येचा शब्द अक्षरशः उतरून मंडळाकडे पाठवावा, अशी आमची त्यांस विनंति आहे. समासांत कोणी आंकडा दुरुस्त केला असेल, हरताळ लाविली असेल, तर तेंही कळवावें. या प्रश्नांत खाडाखोडीची किंमत शुद्ध अक्षराहून कमी नाहीं. त्याचप्रमाणें ओतारी, सोनार आणि कवळ्या करणारे यांच्या तोंडचीं मापें व शब्द टिपून ठेवण्याची वेळ आतां आली आहे. आकृत्या यंत्रावर आंखून कवळ्या छापण्याची रीति सुरू झालेली आहे आणि तींत मेण लागत नाहीं. कारागिराच्या बोटांतील तराजू एकदां गेला म्हणजे आठ आणि दहा यांतील भेद केवळ शाईचाच उरेल.